गाडीला अ‍ॅम्प झेपेल का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा अ‍ॅम्प्लिफायर घेताना सगळे वॉट विचारतात. तो चालवायला लागणारी वीज गाडीत आहे का, हा प्रश्न मात्र बहुतेकांना पडतो तो अ‍ॅम्प बसून झाल्यावर, रात्री बेसच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मिचकायला लागले की. खालची उत्तरं त्या प्रश्नाची आहेत. शब्दांचा घोळ नको म्हणून एक ठरवून घेऊ: ‘अ‍ॅम्प’ म्हणजे यंत्र आणि ‘अँपिअर’ म्हणजे करंट. दुकानात दोघांनाही अ‍ॅम्पच म्हणतात आणि निम्मे गैरसमज तिथूनच सुरू होतात.

थोडक्यात सांगा, माझ्या गाडीला अ‍ॅम्प झेपेल का?

इंजिन चालू असेल, बॅटरी धड असेल आणि वायरिंग नीट केलं असेल, तर ३०० ते ५०० खरे वॉट बहुतेक गाड्या विनातक्रार चालवतात. अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनच्या जोरावर वीज बनवणाऱ्या यंत्राला, हात लावावा लागत नाही. १००० खऱ्या वॉटच्या आसपास गेलात की हिशेब मांडल्याशिवाय पुढे जाऊ नका. या उत्तरातला महत्त्वाचा शब्द ‘खरे’ आहे.

खरे वॉट म्हणजे? माझ्या अ‍ॅम्पवर तर २००० वॉट छापलंय.

छापलेलं असतं. त्यासमोर ‘मॅक्स’ किंवा ‘पीक’ असं काही लिहिलंय का बघा. आपल्याला हवा तो आकडा आरएमएसचा, म्हणजे अ‍ॅम्प सलग देऊ शकतो ती ताकद.

पुस्तिका हरवली असेल तर अ‍ॅम्पच्या बाजूला खोचलेले रंगीत फ्यूज बघा. समजा ३० अँपिअरचे दोन आहेत, म्हणजे ६०. गाडीचा व्होल्टेज १४ धरला तर आत जाणारी वीज झाली ८४० वॉट. त्यातला काही भाग उष्णतेत जातोच. अ‍ॅम्प क्लास डी या कमी वीज वाया घालवणाऱ्या रचनेचा असेल तर सुमारे ८० टक्के बाहेर पडेल, म्हणजे ६७० वॉट. क्लास एबी या दुसऱ्या रचनेचा असेल तर जेमतेम निम्मं. मग २००० आले कुठून? छापखान्यातून.

डॅशबोर्डवरच्या स्टिरिओचंही तेच. ‘५० वॉट गुणिले ४’ असं तोंडावर लिहिलेल्या स्टिरिओच्या मागे १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असतो. १४.४ व्होल्टला १० अँपिअर म्हणजे आत येणारेच १४४ वॉट, बाहेर २०० कसे पडतील? प्रत्यक्षात ४ ओहमच्या स्पीकरला दर चॅनलला १८ ते २२ वॉट मिळतात. या भूलभुलैयाला आळा बसावा म्हणून अमेरिकेत २००३ साली एक मानक आलं, ते आता सीटीए-२००६ या नावाने ओळखलं जातं. १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्क्याच्या आत विकृती, एवढ्या अटींवर मोजलेला आकडाच त्यात धरतात. खोक्यावर हे नाव दिसलं तर त्याखालचा आकडा विश्वासाने वाचा.

अ‍ॅम्प किती अँपिअर ओढेल, हे कसं काढायचं?

आरएमएस वॉट घ्या, कार्यक्षमतेने भागा, मग व्होल्टेजने भागा. ४०० वॉटचा क्लास डी अ‍ॅम्प: ४०० भागिले ०.८ म्हणजे ५०० आणि ५०० भागिले १३.८ म्हणजे साधारण ३६ अँपिअर. ३०० वॉटचा क्लास एबी, कार्यक्षमता ५० टक्के धरली तर ४३ अँपिअर. म्हणजे कमी वॉटचा अ‍ॅम्प जास्त वीज खाऊ शकतो. बेससाठी अलीकडे सगळीकडे क्लास डीच का दिसतो, याचं उत्तर यात आहे.

हा आकडा झाला कमाल. गाणं काही सलग किंचाळत नसतं, ठोका येतो आणि जातो. आवाज पुरता चढवलेला असला तरी सरासरी ओढ कमालीच्या साधारण एक तृतीयांश असते. बोलणं किंवा शास्त्रीय गायन लावलंत तर त्याहूनही कितीतरी कमी. म्हणून वायर आणि फ्यूज निवडताना कमाल आकडा धरा, अल्टरनेटरचा हिशेब करताना सरासरी.

याला एक अपवाद आहे. गेन शेवटपर्यंत पिळून ठेवलेला असला आणि आवाज फाटत असला, तर लहरींची टोकं छाटली जातात आणि सरासरी ओढ झपाट्याने वर चढते. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. स्टिरिओकडून येणाऱ्या सिग्नलशी अ‍ॅम्प जुळवून घेण्याचा तो खटका आहे. तो नीट बसवला तर वीजही वाचते आणि ऊफर, म्हणजे बेसचा मोठा स्पीकर, तोही वाचतो.

वीज येते कुठून, बॅटरीतून की अल्टरनेटरमधून?

ज्याचा व्होल्टेज वर, तो देतो. इंजिन बंद असताना पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर सगळी यंत्रणा १३.८ ते १४.४ वर नेऊन ठेवतो. त्या वेळी दिवे, एसी, अ‍ॅम्प सगळे अल्टरनेटरवरच चालतात आणि बॅटरीसुद्धा त्याच्याकडून घेत असते.

मागणी अल्टरनेटरच्या आवाक्याबाहेर गेली की व्होल्टेज घसरू लागतो. १२.६ च्या आसपास आला की बॅटरी खांदा देते. दिवे डिम होतात ते याच घसरणीमुळे, कारण हॅलोजन बल्ब व्होल्टेजच्या बाबतीत फार हळवा असतो. व्होल्टेज १४ वरून १२.५ ला आला, म्हणजे फक्त ११ टक्क्यांनी, तर त्याचा उजेड जवळपास एक तृतीयांशाने पडतो. म्हणून मीटरच्या आधी डोळ्यांना कळतं.

अ‍ॅम्पलाही ही घसरण भोवते. साध्या, अनरेग्युलेटेड अ‍ॅम्पची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने कमी होते. १४.४ च्या जागी १२.४ मिळाले तर चौथा हिस्सा गेला. रेग्युलेटेड अ‍ॅम्प ताकद कायम ठेवतो खरा, पण त्यासाठी आधीच दमलेल्या यंत्रणेकडून आणखी अँपिअर ओढतो.

अल्टरनेटरवर ९० अँपिअर लिहिलंय. म्हणजे ९० मिळणार ना?

इथे बहुतेकांची फसगत होते. अल्टरनेटरच्या अंगावरची पट्टी नीट वाचलीत तर बऱ्याचदा ‘१४ व्होल्ट ४५/९०’ असं काहीसं दिसतं. ९० हा आकडा अल्टरनेटर मिनिटाला ६००० फेरे घेत असतानाचा. आधीचा ४५ हा इंजिन आयडलला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू, असतानाच्या फिरण्याच्या जवळपासचा. तोही थंड अल्टरनेटरवर मोजलेला. बोनेटखाली तापल्यावर दोन्ही आकडे खाली येतात. तरी आपण बऱ्या काळात आहोत. १९६० साली क्रायस्लरने व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर आणला, त्याआधी गाड्यांना डायनॅमो असायचा आणि तो आयडलला फारसं काही देतच नसे.

आता खर्चाची बाजू. प्रसंग धरा रात्रीचा, पावसाचा, वाहतूक तुंबलेली. इग्निशन, इंजेक्टर आणि पेट्रोल पंप मिळून १५ अँपिअर. हेडलाइट ९. मागचे दिवे आणि डॅशबोर्ड ४. ब्लोअर मधल्या वेगावर १०. एसीच्या कॉम्प्रेसरचा क्लच ४. रेडिएटरचा पंखा १५. वायपर ४. बेरीज ६१, आणि आयडलला हातात ४५. म्हणजे अ‍ॅम्प बसवायच्या आधीच गाडी अधूनमधून बॅटरीकडून उसनं घेतेय! पंखा बंद झाला, गाडी दहा फूट पुढे सरकली, की ते फेडलं जातं.

तीच गाडी कोरड्या दुपारी मोकळ्या रस्त्यावर घ्या. दिवे नाहीत, वायपर नाहीत, समोरून वारा लागतोय म्हणून पंखाही बंद. खर्च ३० च्या आत आणि अल्टरनेटर जवळपास पूर्ण जोमात. आता ५० हून जास्त अँपिअर शिल्लक आहेत. तेव्हा ‘किती शिल्लक’ याचं एकच उत्तर नसतं. ठरवताना वाईटातला वाईट प्रसंग समोर ठेवा आणि त्यात अ‍ॅम्पची सरासरी ओढ मिळवून बघा.

माझ्या गाडीत किती शिल्लक आहे, हे घरच्या घरी मोजता येईल का?

येईल, साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी वीस मिनिटं फिरवून गरम करा. उभी करून आयडलला ठेवा. हेडलाइट, एसी, ब्लोअर, मागच्या काचेची जाळी, सगळं चालू करा आणि बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावा. १३.५ किंवा वर असेल तर हात मोकळा आहे. १३ च्या खाली असेल तर शिलकीत काही नाही. १२.७ च्या खाली म्हणजे त्या क्षणी बॅटरीच गाडी चालवतेय.

दोन खबरदाऱ्या. एक, मल्टिमीटर अँपिअरच्या खाचेत लावून बॅटरीच्या मध्ये घालू नका, त्याची मर्यादा बहुधा १० अँपिअरची असते. करंट बघायचा असेल तर डीसी, म्हणजे बॅटरीसारखा एकाच दिशेने वाहणारा करंट, मोजणारा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा मीटर) घ्या. घरच्या वायरिंगवाल्यांकडचा साधा क्लॅम्प फक्त घरातला दिशा बदलणारा करंट मोजतो, तो इथे शून्यच दाखवेल. दोन, नव्या गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी कॉम्प्युटर अल्टरनेटरचा व्होल्टेज मुद्दाम वरखाली करतो. अशा गाडीत मीटर १२.७ दाखवत असेल तर घाबरू नका. हेडलाइट लावून, थोडी रेस देऊन पुन्हा बघा.

बेसच्या ठोक्याला दिवे डिम होतात. मोठा अल्टरनेटर घेऊ का?

थांबा. आधी वायर आणि अर्थ (यंत्राचा मायनस गाडीच्या पत्र्याला जोडणारी जोडणी) तपासा. हे इतक्या ठासून सांगतोय, कारण मी स्वतः हे महागात शिकलो.

माझ्या पहिल्या गाडीत डिकीत अ‍ॅम्प बसवला होता, कागदावर ४०० वॉटचा. ठोका पडला की दिवे डुलायचे आणि आवाज चढवला की अ‍ॅम्प मध्येच गप्प व्हायचा, लाल दिवा लावून. एकाने कपॅसिटर, म्हणजे क्षणभरापुरती वीज साठवणारा डबा, सुचवला, तो लावला. फरक नाही. दुसऱ्याने बॅटरी म्हातारी झाल्याचं सांगितलं, नवी आणली. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. शेवटी मीटर घेऊन डिकीत बसलो. गाणं चालू असताना बॅटरीवर १३.९ आणि अ‍ॅम्पच्या टोकांवर १२.३. दीड व्होल्टहून जास्त वाटेत कुठेतरी गळत होते. मग मीटरची एक सुई अ‍ॅम्पच्या मायनसवर टेकवली आणि दुसरी बॉडीच्या उघड्या पत्र्यावर: १.२ व्होल्ट. तिथे शून्याच्या जवळ काहीतरी दिसायला हवं होतं. अर्थचा बोल्ट मी स्टेपनीच्या कंसावर, रंग न खरवडता आवळलेला होता. करंट जात होता तो बोल्टच्या आट्यांना जेवढा पत्रा चाटत होता तेवढ्यातून. ३५ अँपिअर आणि १.२ व्होल्ट म्हणजे तो एकटा बोल्ट ४२ वॉट खात होता. बोट लावलं आणि चटका बसला.

पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा घासली, दातेरी वॉशर टाकला, पुन्हा आवळलं. अ‍ॅम्पवर १३.५ आले. दिवे डुलायचे थांबले. बिचाऱ्या जुन्या बॅटरीला मी उगाच भंगारात घातलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी ती अशी.

तेव्हा ठोका वाजत असताना तीन मोजमापं घ्या: बॅटरीवर किती, अ‍ॅम्पवर किती आणि अ‍ॅम्पच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत किती. पहिल्या दोहोंत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर दोष वायरिंगचा. बॅटरीवरच व्होल्टेज कोसळत असेल, तर मग अल्टरनेटर आणि बॅटरीकडे वळा.

वायर किती जाड लागते?

जितके अँपिअर जास्त आणि अंतर लांब, तितकी जाड. जाडी गेजमध्ये सांगतात आणि गेजचा आकडा जितका लहान, तितकी वायर जाड. बॅटरी बोनेटखाली आणि अ‍ॅम्प डिकीत असेल तर वायर सहज ५ मीटर होते. ४० अँपिअरला ८ गेजची, म्हणजे सुमारे ८ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची वायर ५ मीटरमध्ये ०.४ व्होल्ट खाते. ४ गेज, म्हणजे २१ चौरस मिलिमीटर, फक्त ०.१६. माझं मत विचाराल तर डिकीतल्या कुठल्याही ऊफरच्या अ‍ॅम्पला ४ गेजपेक्षा बारीक वायर घेऊच नका. खऱ्या १००० वॉटच्या पुढे ० गेज.

फसवणुकीची जागा दुसरीच आहे. बाजारात मिळणाऱ्या तयार संचांतली बरीच वायर आतून अॅल्युमिनियमची असते, वरून तांब्याचा मुलामा. ती तांब्याच्या सुमारे ६० ते ६५ टक्केच वाहक असते. एक तार ब्लेडने खरवडून बघा, आत चंदेरी दिसली की समजलं. ती वापरूच नये असं नाही, पण एक माप जाड घ्या. आणि वायरची जाडी प्लास्टिकवरून ठरवू नका. बोटाएवढ्या जाड आवरणात काडीएवढं तांबं असलेल्या वायरीही मिळतात.

फ्यूज अ‍ॅम्पजवळ आहेच की. बॅटरीजवळ कशाला?

कारण बॅटरीजवळचा फ्यूज अ‍ॅम्पसाठी नसतोच, तो वायरसाठी असतो. ५ मीटर वायर पत्र्याच्या कडांवरून, सीटच्या रुळांखालून जाते. कुठेही आवरण कापलं गेलं आणि तांबं बॉडीला लागलं, तर बॅटरी त्यातून शेकडो अँपिअर ओतते. वायर लाल होते, गालिचा पेटतो. अ‍ॅम्पजवळचा फ्यूज हे सगळं दुरून बघत राहतो. म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत, वायर पत्र्यातून आत शिरण्याच्या अलीकडे. पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर कडेला घासू न देणारं कडं, हवंच. आणि काम सुरू करण्याआधी बॅटरीचा मायनस सोडवा.

अर्थ बॉडीला द्यायचा की थेट बॅटरीच्या मायनसला?

बॉडीला, अ‍ॅम्पपासून ४५ सेंटिमीटरच्या आत, उघड्या पत्र्यावर आणि प्लसइतक्याच जाड वायरने. काम झालं की वरून रंग किंवा ग्रीस लावा, नाहीतर गंज धरेल. सीट बेल्टचा बोल्ट वापरू नका. तो जीव वाचवण्यासाठी ठरावीक ताकदीने आवळलेला असतो.

नव्या गाड्यांत बॅटरीच्या मायनसवर एक छोटी डबी दिसते. बॅटरीतून किती गेलं, किती आलं, हे ती मोजते आणि कॉम्प्युटर त्यावरून चार्जिंग ठरवतो. तुम्ही अर्थ थेट मायनसच्या खांबाला दिलात तर अ‍ॅम्पची ओढ डबीला दिसतच नाही. हिशेब चुकतो, बॅटरी अर्धपोटी राहते.

कपॅसिटर लावला की प्रश्न सुटतो म्हणतात.

१ फॅरडच्या कपॅसिटरचं गणित करून बघा. १४.४ वरून १२ व्होल्टपर्यंत उतरताना तो जेमतेम ३२ ज्यूल देतो. अ‍ॅम्प ५०० वॉट ओढत असेल तर हे ०.०६ सेकंदात संपलं. ठोक्याचा पहिला टोला सावरला, बाकीचा पुन्हा अल्टरनेटरवर. शिवाय रिकामा झालेला कपॅसिटर भरायलाही वीज तिथूनच लागते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? वायरिंग चोख आहे, अल्टरनेटर पुरेसा आहे आणि दिवे अगदी निसटते थरथरतात, एवढ्यापुरता त्याचा उपयोग. बसवायचाच असेल तर आधी रेझिस्टर लावून हळूहळू भरा. थेट जोडलात तर मोठी ठिणगी पडते.

दुसरी बॅटरी?

इंजिन बंद ठेवून तासन्‌तास ऐकायचं असेल तर हो. चालत्या गाडीत वीज कमी पडते म्हणून असेल तर नाही. बॅटरी वीज बनवत नाही, साठवते. रिकामी झाली की ती भरण्याचं ओझं त्याच अल्टरनेटरवर. त्यापेक्षा मूळ बॅटरी बदलायच्या वेळी एजीएम जातीची (आतलं आम्ल काचतंतूंच्या थरात शोषून ठेवलेली) घ्या. तिचा अंतर्गत रोध कमी असतो, त्यामुळे अचानक मागणी आली तरी व्होल्टेज फारसा घसरत नाही. फक्त गाडीचं चार्जिंग तिला मानवणारं आहे ना, हे गाडीच्या पुस्तिकेत बघून घ्या.

मोठा अल्टरनेटर मग कधी?

वायरिंग तपासून झालं, बॅटरी ठीक आहे आणि तरी ठोक्यागणिक बॅटरीवरचा व्होल्टेज १३ च्या खाली जातो, तेव्हा. त्याआधी एक स्वस्तातलं काम करून बघा: अल्टरनेटरच्या प्लसपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत, बॅटरीच्या मायनसपासून बॉडीपर्यंत आणि इंजिनपासून बॉडीपर्यंत, या तीन जागी मूळ वायरींच्या जोडीला जाड वायर टाका. मूळच्या काढू नका. अल्टरनेटरच्या प्लसकडच्या वायरीवरही फ्यूज हवा.

अल्टरनेटर बदलताना कमाल आकड्याला भुलू नका. आयडलचा आकडा विचारा. १५० अँपिअरचा असूनही आयडलला जुन्याइतकाच देणारा अल्टरनेटर वाहतुकीत काही कामाचा नाही. वीज फुकटही नाही: १४ व्होल्टला १०० अँपिअर म्हणजे १४०० वॉट. अल्टरनेटरची कार्यक्षमता ५५ ते ६० टक्के धरली, तर पट्टा इंजिनकडून तीनेक अश्वशक्ती काढून घेतो. छोट्या इंजिनाला ती एसी चालू असताना चढावर जाणवते. नाकापेक्षा मोती जड करू नका.

इंजिन बंद ठेवून किती वेळ वाजवता येईल?

अर्ध्या तासावर जाऊ नका. ४५ अँपिअर-तासाची बॅटरी आणि सरासरी १५ अँपिअरची ओढ धरली तर कागदावर तीन तास येतात. पण गाडीची बॅटरी सेल मारताना क्षणभर शंभर-दोनशे अँपिअर देण्यासाठी बनलेली असते, तळाला जाईपर्यंत उपसण्यासाठी नव्हे. चार-पाच वेळा पूर्ण उतरली की तिचं आयुष्य घटलंच. गाणं थांबवून दोन मिनिटांनी मीटर १२.२ दाखवत असेल तर ती निम्म्यावर आली. तिथे थांबा किंवा इंजिन सुरू करा.

रात्री काहीच वाजवलं नाही, तरी सकाळी सेल लागत नाही.

अ‍ॅम्प झोपत नसेल. त्याला जागं करणारी बारीक वायर असते, रिमोटची. ती स्टिरिओच्या त्याच नावाच्या वायरीला जोडायची असते, म्हणजे स्टिरिओ बंद झाला की अ‍ॅम्प बंद. बसवणाऱ्याला ती सापडली नाही आणि त्याने कायम वीज असलेल्या वायरीला जोडून दिली, तर अ‍ॅम्प रात्रभर जागा. नुसता जागा असताना तो साधारण १ अँपिअर खातो, म्हणजे दिवसाला २४ अँपिअर-तास. ४५ ची बॅटरी दोन दिवसांत बसली. गाडी कुलूप लावून तासाभराने अ‍ॅम्पवरचा छोटा दिवा बघा. पेटलेला असेल तर चोर सापडला.

रेस दिली की स्पीकरमधून शिट्टी येते. वीज कमी पडतेय?

नाही, ती वेगळी भानगड. अल्टरनेटरची लहर सिग्नलमध्ये शिरतेय, बहुधा स्टिरिओ आणि अ‍ॅम्पच्या अर्थमधल्या फरकामुळे. दोन्हींचे अर्थ साफ करा आणि सिग्नलची वायर पॉवरच्या वायरीपासून दूर, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या.

छोटा अ‍ॅम्प आहे. सिगारेट लायटरच्या सॉकेटवरून चालवू?

नको. त्या वायरी १० ते २० अँपिअरच्या हिशेबाने बारीक टाकलेल्या असतात.

ऊफर ४ ओहमऐवजी २ ओहमवर जोडला तर जास्त ताकद मिळते ना?

मिळते, आणि ओढही जवळपास त्याच पटीत वाढते. ४ ओहमचे दोन ऊफर समांतर जोडले की २ ओहम होतात. अ‍ॅम्प २ ओहमला चालतो असं पुस्तिकेत लिहिलेलं असेल तरच हे करा आणि वायर, फ्यूज, अल्टरनेटर यांचा हिशेब २ ओहमच्या आकड्यावर पुन्हा मांडा. ‘तोच अ‍ॅम्प आहे, आधी चालत होता’ म्हणत येणाऱ्या कित्येक गाड्यांत मधल्या काळात कुणीतरी ऊफर वाढवलेला असतो.

वीज वाढवायची नाही, पण आवाज हवाय. काही मार्ग?

आहे, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. स्पीकर निवडताना संवेदनशीलतेचा आकडा बघा. ३ डेसिबलने जास्त संवेदनशील स्पीकर निम्म्या वॉटमध्ये तेवढाच आवाज देतो. उलट, कानाला आवाज दुप्पट वाटायचा असेल तर सुमारे दहापट वॉट लागतात. ५०० चे ६०० वॉट केले तर फरक एका डेसिबलहूनही कमी, कुणाला कळणारही नाही. त्यामुळे ८६ डेसिबलच्या ऊफरला १००० वॉट पाजण्यापेक्षा ९० डेसिबलचा ऊफर, त्याला साजेशा पेटीत, ४०० वॉटवर लावा. दाराचे पत्रे खडखडू नयेत म्हणून आतून डॅम्पिंग शीट, म्हणजे थरथर शोषणारा चिकट पत्रा, मारा. आणि दारातल्या छोट्या स्पीकरना खालचा बेस देऊच नका, अ‍ॅम्पवरचा फिल्टर त्यासाठीच आहे.

गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर?

पूर्ण इलेक्ट्रिक गाडीत अल्टरनेटर नसतो. बहुतेक हायब्रिडमध्येही त्याची जागा मोठ्या बॅटरीतली वीज १२ व्होल्टवर उतरवणाऱ्या कन्व्हर्टरने घेतलेली असते. त्यातून अनेकदा शंभराहून अधिक अँपिअर मिळतात आणि आयडलचं रडगाणं नाही, गाडी उभी असतानाही तितकेच. पण ही सोय गाडी ‘रेडी’ असतानाच. एरवी सगळी मदार १२ व्होल्टच्या बॅटरीवर आणि ती अशा गाड्यांत बरीचशी चिमुकली असते, कारण तिला सेल मारायचा नसतो. ती उतरली तर शेकडो व्होल्टचा साठा पोटात असूनही गाडी जागी होत नाही. नारिंगी आवरणाच्या जाड केबलींना कधीही हात लावू नका. त्या जीवघेण्या आहेत.

हेडलाइट एलईडीचे केले आणि डिम होणं थांबलं. म्हणजे काम झालं ना?

एलईडीच्या दिव्यात स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे वीज सावरणारं छोटं सर्किट, असतो. व्होल्टेज १४ असो की १२, तो उजेड सारखाच ठेवतो. हॅलोजनच्या तुलनेत चार-पाच अँपिअर वाचले असतील, तेवढा फायदा खरा. बाकी व्होल्टेज अजूनही तसाच कोसळत असेल, फक्त आता दिसत नाही. अ‍ॅम्पच्या टोकांवर मीटर लावून तेच गाणं, त्याच आवाजात पुन्हा वाजवा आणि ठोक्याला आकडा कुठवर उतरतो ते वाचा.